आत्यांचा अंगठा

"शिकूनसवरून अंगठेबहाद्दर," असे आमच्या इमारतीत त्यांच्याविषयी म्हणत असत. म्हणणाऱ्यांत मीही होतो. ज्याला सही येत नाही त्याच्यासाठी असलेला शब्द एका पदवीधर बाईला चिकटवण्यात जी गंमत होती ती सर्वांना कळे, कारण त्या खरोखरच अंगठ्यावर पोट भरत. टीव्हीला जोडून खेळ खेळायचे यंत्र जिथे तयार होई, त्या कारखान्यात कंट्रोलरची बटणे दाबून पाहणे हे त्यांचे काम. सव्वीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नव्हते. "बाई दिवसभर खेळते आणि वर पगार घेते. नशीब काढलंन्," असे जिन्यात बोलले जाई.

सगळे त्यांना आत्या म्हणत. वास्तविक त्यांना भाऊ नव्हता, म्हणजे त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. एक बहीण होती, ती दूरच्या शहरात. रविवारी तिचा फोन येई. तो आला की नाही हे भिंतीपलीकडे मला कळे, कारण त्या घरातून आठवड्यात बोलण्याचा तेवढाच आवाज येत असे. वडील होते तोवर संध्याकाळी खेळाचाही आवाज यायचा. कारखान्याच्या अगदी पहिल्या मॉडेलवर दोघे शेजारी बसून खेळत. म्हातारे गृहस्थ हरले की दोष कंट्रोलरला देत, आणि आत्या दुसऱ्या दिवशी तो दोष कारखान्यात रीतसर नोंदवून येत. वडील गेल्यावर दुसरा कंट्रोलर त्यांनी वायर गुंडाळून टीव्हीशेजारी ठेवला. तो पुढे मी कधी हललेला पाहिला नाही.

कारखान्यातले आम्ही लोक त्या यंत्राला 'डबा' म्हणत असू. इमारतीतली निम्मी घरे त्या डब्यावर चालत. मी स्वतः माल पाठवण्याच्या विभागात होतो. एके काळी दुकानदार डब्यासाठी आमच्या दारात उभे राहत. मग लागोपाठ दोन मॉडेले पडली. गोदामात खोकी छताला टेकली. 'डबा गुल' हा विनोद वर्षभर चालला आणि एक दिवस तो करणेही लोकांनी सोडून दिले. कँटीनमधले चहाचे पेले लहान झाले, तेव्हा परिस्थिती आम्हाला खरी समजली.

वरच्यांनी आणखी एक मॉडेल काढायचे ठरवले, आणि हे पडले तर कुलूप, हेही सांगून टाकले. चित्र अधिक स्वच्छ, वेग दुप्पट, जाहिरात कधी नव्हती एवढी मोठी. कंट्रोलरकडे कुणाचे लक्ष नव्हते. मागच्या दोन मॉडेलांपासून तो एका नव्या पुरवठादाराकडून येत होता आणि त्याच्या बटणाखालचे रबर जरा कडक होते. चाचणीचे नियम दोन. पहिल्यात एक लोखंडी बोट तेच बटण दहा लाख वेळा दाबे. दुसऱ्यात माणसाने वीस मिनिटे खेळून पाहायचे. लोखंडी बोटाने तक्रार केली नाही. आत्यांनाही वीस मिनिटांत काही जाणवले नाही. सहीचा कागद पुढे आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या करते. आज हा घरी नेते."

मागची दोन मॉडेले नियमाप्रमाणे वीस मिनिटे खेळून त्यांनीच सोडली होती. ते त्यांना लागले असावे, असे मला आज वाटते.

त्या संध्याकाळी त्या दोन तास खेळल्या. सकाळी कामावर निघताना त्यांना पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना. उजवा अंगठा झाकणावर टेकला की कळ मनगटापर्यंत जाई. घरात उघडून द्यायला कुणी नव्हते. ती बंद बाटली तशीच घेऊन त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आल्या आणि पहारेकऱ्यापुढे धरली.

"एवढ्याशा झाकणाला हरलात, आत्या?"

"झाकणाला नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. माल पाठवण्याच्या तारखा घेऊन मी तिथे आधीच उभा होतो, म्हणून पुढचे मी ऐकलेले आहे.

"किती वेळ खेळलात?" साहेबांनी विचारले.

"दोन तास."

"नियम वीस मिनिटांचा आहे."

"वीस मिनिटांत उठणारा माणूस आपलं गिऱ्हाईक नाही, साहेब. ज्याला उठवत नाही, तो आपलं गिऱ्हाईक."

"मागच्या दोन्ही डब्यांना हेच बटण होतं. अंगठा दुखला म्हणून एक तक्रार आलेली दाखवा."

"अंगठा दुखला म्हणून कोण तक्रार लिहितं? खेळात मजा नाही म्हणतात आणि डबा कपाटावर टाकतात. पुढचा घ्यायला दुसऱ्याच्या दुकानात जातात."

साहेबांनी माझ्या हातातला तारखांचा कागद मागून घेतला. त्यांचा मदतनीस शेजारीच उभा होता. शाईची गादी पुढे सरकवत तो म्हणाला, "सही जड जात असेल तर अंगठा उठवा, आत्या. तुम्हाला तेच शोभेल."

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. आत्यांनी गादी बंद केली आणि त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या. उठवा म्हटले असता त्यांनी अंगठा दाखवला, असे नंतर कँटीनमध्ये सांगितले गेले. तेही तेव्हा मला फार चतुर वाटले होते.

त्यांच्या सहीशिवाय माल सोडायचा तर साहेबांना स्वतःची सही करावी लागली असती. तेवढी छाती साहेबांची नव्हती. मॉडेल तीन महिने लांबले. जोडणी विभागातल्या एकशे दहा कंत्राटी कामगारांना 'बोलावू तेव्हा या' असे सांगण्यात आले. त्यांत आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान होते.

"एका अंगठ्यापायी आमची चूल विझली," वहिनी जिन्यात म्हणाल्या, आणि त्यासाठी आत्या वर चढून जाईपर्यंत थांबल्या नाहीत; त्या समोर असतानाच म्हणाल्या. आत्यांनी कठडा धरला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि वाट काढून वर गेल्या.

दोन दिवसांनी त्यांच्या दारावर निळ्या शाईचे अंगठे उमटलेले दिसले. पाच-सहा असतील, वेगवेगळ्या आकारांचे. म्हणजे हे एकट्याचे काम नव्हते. त्यांत माझा नव्हता. पण मी वाचून झालेले वर्तमानपत्र रोज त्यांच्या कडीला अडकवत असे, ते त्या दिवसापासून अडकवले नाही. मला कुणी तसे सांगितले नव्हते. दारावरचे अंगठे आत्यांनी पुसले नाहीत. सकाळी बाहेर पडून त्या दार ओढून घेत, कुलूप लावत, आणि शाईकडे पाहिल्या न पाहिल्यासारखे करून जिना उतरत.

कारखान्यातही त्यांच्याशी कुणी बोलेना. कँटीनमध्ये त्या बसत त्या बाकावर दुसरे कुणी बसत नसे. साचे करणारा एक कारागीर त्यांच्यासाठी बटणाखाली बसवायच्या रबराच्या नव्या टोप्या पाडून देई. तो मुळातच अबोल होता. टोपी टेबलावर ठेवायचा आणि जायचा. आत्या ती बसवून दोन तास खेळत, कागदावर एक ओळ लिहीत आणि टोपी परत पाठवत. 'कडक.' 'मऊ, पण दाबले की नाही ते कळत नाही.' 'तासाभराने बटण अडकते.' पाचवी टोपी गेली, सातवी गेली. काचेच्या त्या खोलीत एकट्या बसून खेळणारी ती बाई बाहेरून पाहणाऱ्याला चैनीत वाटे. पडद्यावर रंगांची आतषबाजी चाललेली असे आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिशेबनीसाचा कंटाळाही नसे.

त्याच सुमारास हजेरीच्या यंत्राने त्यांना ओळखणे सोडले. फाटकावर अंगठा टेकवला की नाव उमटायचे, ते उमटेना. घासून घासून अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. तीनदा टेकवून पाहिल्यावर पहारेकरी म्हणाला, "राहू द्या, आत्या. हे यंत्र मूर्ख आहे. मी ओळखतो ना." तो वहीत त्यांचे नाव लिही, आणि मग न सांगता हात पुढे करी. त्या बाटली देत, तो झाकण उघडून, पुन्हा सैल बसवून परत देई. दिवसभरात त्यांचे माणसाशी होणारे बोलणे बहुधा एवढेच असे.

अकराव्या टोपीवर त्यांनी सही केली. पेन अंगठ्यात धरवत नव्हते, म्हणून दोन बोटांच्या बेचक्यात धरून केली.

मॉडेल बाजारात आले तेव्हा पहिले दोन महिने काही घडले नाही. मग दुकानदारांकडून एक वेगळीच बातमी येऊ लागली. नेणारा पुन्हा येतो, नवा खेळ मागतो, आणि बरोबर बायकोला नाहीतर सासऱ्याला घेऊन येतो. 'हातातून ठेववत नाही,' हे वाक्य इतक्या पत्रांत होते की आमच्या जाहिरातवाल्यांनी ते उचलून खोक्यावर छापले. सहा महिन्यांनी एका दुपारी गोदामात मी कुणाला तरी हाक मारली आणि माझाच आवाज मला परत ऐकू आला. गोदाम रिकामे झाले होते. वर्तमानपत्रात अध्यक्षांची मुलाखत आली. तीत वेगाविषयी दोन परिच्छेद होते, दूरदृष्टीविषयी तीन. रबराच्या टोपीचा उल्लेख नव्हता.

एकशे दहा जणांना बोलावणे गेले. आत्यांना मात्र डॉक्टरांनी काम सोडायला लावले. शेवटच्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्याने वहीत त्यांचे नाव लिहिले, आणि तेवढाच समारंभ झाला.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी माझ्या दारात आल्या. "तुम्ही चला बरोबर. मला एकटीला तोंड दाखवायची लाज वाटते," त्या म्हणाल्या. मला वाटत नव्हती असे नाही. मी त्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात घेतले.

आत्यांनी दार उघडले. शाईचे अंगठे फिके झाले होते, पण मोजता येत होते. आत सारे नीटनेटके होते. टीव्हीशेजारी वायर गुंडाळलेले आता एक नव्हे, दोन कंट्रोलर होते. वहिनी उंबऱ्यातच थांबल्या.  तिथूनच त्या म्हणाल्या, "आत्या, यांना परत घेतलं कामावर. आम्ही नाही नाही ते बोललो तुम्हाला. दारावरच्या अंगठ्यांतला एक माझाच आहे. मनात राग नाही ना ठेवलात?"

आत्यांनी आमच्या दोघांकडे पाहिले, माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिले, आणि स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या,

"आहे की राग. बसा. आणि फळीवरचा तो डबा आधी उघडून द्या कुणीतरी, साखर त्यात आहे. चार दिवस बिनसाखरेचा चहा पितेय मी."