माझी कानडी सोलापुरात कामी आली

वन्संच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला, तेव्हा सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. यजमानांना शाळेतून रजा मिळेना, म्हणून मी निघाले.

"तू नुसता माझा हात धर," वन्सं म्हणाल्या. "बोलायचं ते मी बोलेन."

माझं माहेर दुधनीचं, घरात कानडी. मराठी बोलताना हेल निघे आणि 'तो दूध' म्हटलं जाई. सासरी सगळे हसत. मायेनंच हसत, पण हळूहळू मी बोलणंच कमी केलं होतं.

आमच्या बार्शीची छोटी गाडी कुर्डूवाडीपर्यंत रमतगमत जाते. तिथं मोठ्या गाडीची बरीच वाट पाहावी लागते, तेव्हा शिदोरी तिथंच सोडावी. आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सोलापूर स्टेशनाबाहेर टांगेवाला म्हणाला, "कुटं जायाचं, बाई? दवाखाना व्हय? बसा की!" वाटेत दारोदार रंगीत सूत वाळत होतं. त्या उन्हातही डोळे निवले.

दवाखान्यात आमच्या पुढे एक शेतकरीण होती. मांडीवरची पोर तापल्यासारखी लालबुंद, हवेत काहीतरी पकडत बरळत होती. डॉक्टरीणबाई मराठीत विचारत होत्या, "ताप कधीपासून?" ती बाई कानडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. कुणालाच कळत नव्हतं.

मला कळत होतं. पण इथंही सगळे हसतील, असं वाटलं. शेवटी वन्संचा हात सोडून मी पुढे झाले.

"ताप नाही, बाई. पोरीनं धोतऱ्याचा बोंड फोडून बिया खाल्ल्यात!"

"किती वेळ झाला? विचारा लवकर."

मी विचारलं, सांगितलं, पुन्हा विचारलं. पोरीचं पोट धुऊन काढेपर्यंत तिची आई "अक्का, अक्का" म्हणत माझा पदर धरून होती. वन्संचे डोळे दाखवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तोवर पोर शुद्धीवर आली होती, पाणी प्याली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल तुम्ही नसता तर मी तापाचंच औषध देत बसले असते."

वन्संच्या डोळ्यांना थेंब मिळाले. पडदा पिकल्यावर पुन्हा जायचं आहे. पण बार्शीत त्यांनी चार घरी हकिकत सांगितली ती माझी. मी अजूनही 'तो दूध' म्हणते. मात्र त्या दवाखान्यातल्या सगळ्या मराठीत जे नव्हतं, ते माझ्यापाशी होतं, हे मला आता माहीत आहे.

काल जेवताना वन्संनी विचारलं, "पाण्याला काय गं म्हणता तुम्ही?"

"नीरु."

त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि तांब्या पुढे केला.