चाखलेलं डिझेल

आमच्या ह्यांना सगळं गाव थू मिस्त्री म्हणतं. डिझेल पिकअप गाडीची तक्रार आली की हे फिल्टरखालच्या वाटीतलं डिझेल बोटावर घेणार, हुंगणार, जिभेला लावणार आणि थू करून निकाल देणार: पाणी आहे, गंज आहे, भेसळ आहे. त्याच तोंडानं मग घरात येऊन चहा मागणार. इतकी वर्षं संसार केला, पण तो वास आला की मी अजूनही पदर नाकाला लावते.

आणि गंमत म्हणजे घाणीची सगळ्यात जास्त किळस ह्यांनाच. ड्रायव्हर घाणेरडे, पंपावरची माणसं घाणेरडी, बाकीचे मेकॅनिक तर विचारूच नका. पाइपाचं, टाकीचं उघडं तोंड दिसलं की धूळ जाऊ नये म्हणून त्यात चिंधी कोंबायची, आणि उठसूट रॉकेलच्या डब्यात हात धुवायचे. चिंध्या फाडून द्यायचं काम माझं.

बेकरीवालीची पिकअप आमच्याकडेच यायची. तिचा धाकटा भाऊ ती चालवायचा. ह्यांनी टाकी धुऊन दिली आणि काही दिवसांतच गाडी चढावर मान टाकू लागली. जरा थांबली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. ह्यांनी थेंब चाखला, थुंकले, आणि चारचौघांत सांगून टाकलं की हे रॉकेल आहे. भाऊ डिझेल परस्पर विकतो आणि वर रॉकेल ओततो. बिचाऱ्यानं शपथा घेतल्या. बहिणीनं सरळ त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

मग ती स्वतः गाडी चालवू लागली, डिझेलही डोळ्यांसमोर भरून घेऊ लागली. तरी त्याच चढावर गाडी बंद. दुकानांत पाव वेळेवर पोचेनात. शेवटी गाडी ओढून आणली, तेव्हा कुठे ह्यांनी चाखणं सोडून तपासायला घेतलं. इंजिनाला टाकीऐवजी वेगळ्या कॅनमधून डिझेल दिलं, तर गाडी चढावर सुसाट गेली. म्हणजे इंजिनाचा पंप ठणठणीत, खोट टाकीकडे. टाकीतून येणाऱ्या पाइपात उलटी हवा मारली. थोडा वेळ डिझेल नीट आलं, मग धार बारीक होत होत थांबली. आत काहीतरी पाइपाच्या तोंडाला चिकटत होतं.

टाकी उतरवली. ह्यांनी तारेच्या आकड्यानं एक काळा, बुळबुळीत गोळा बाहेर ओढला. मेलेला उंदीर असेल म्हणून मी नाक दाबून मागे सरले. पिळल्यावर त्यावर निळ्या रेघा दिसल्या. ह्यांच्याच जुन्या पायजम्याची चिंधी, मीच फाडून दिलेली. टाकी धुताना तिच्या तोंडात कोंबली आणि आतच राहून गेली.

"मग त्या दिवशी जिभेला रॉकेल लागलं कुठून?" मी विचारलं. विचारता विचारताच माझं लक्ष त्यांच्या ओल्या बोटांकडे गेलं. आत्ताच रॉकेलच्या डब्यात हात धुतले होते. त्यांनीही बोटांकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघून चिंधी खिशात घातली आणि हळूच म्हणाले, "पाइप दबला होता म्हणून सांगू."

आजवर मला ह्यांच्या तोंडाच्या वासाची किळस यायची. माणसाची किळस त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि मी ते तोंडावर सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगताय की मी सांगू?

शेवटी त्यांनीच बेकरीवालीला सांगितलं, चिंधी दाखवून. गाडी जोडून होताच तिनं आम्हा दोघांना शेजारी बसवलं आणि थेट धान्याच्या गोदामावर नेलं. भाऊ आता तिथे हमाली करत होता. त्याच्यापुढे ह्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. रॉकेल माझ्या बोटांचं होतं, म्हणाले, आणि चिंधीही माझीच. बहिणीनं किल्ली पुढे केली.

भावानं किल्लीकडे पाहिलंच नाही. तो ह्यांना म्हणाला, "तुम्ही चोर म्हणालात, ताईनं लगेच मानलं. आज चोर नाही म्हणालात, तेही लगेच मानलं. मी शपथा घेत होतो तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

एवढं बोलून तो पोतं पाठीवर घेऊन आत गेला. बेकरीवाली किल्ली धरून तशीच उभी राहिली. ह्यांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.