धर्माकाकांचं पाकीट

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तोंडाशी यायचं, आणि मी भाजीत मीठ पडलं का असलं काहीतरी विचारायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. आमच्या डॉक्टरांनी चाळिशीपुढच्या कामगारांसाठी आतड्याच्या कॅन्सरची तपासणी काढली. कागदी पाकीट घरी न्यायचं, तीन दिवस रोजची थोडी विष्ठा काडीनं आतल्या चौकोनात लावायची. त्यात न दिसणारं रक्त आहे का, ते दवाखान्यात तपासून कळायचं. त्या दिवसांत मटण बंद, म्हणून डॉक्टरांनी श्रावण धरला. हुशार माणूस! पण पाकीट भरायला लोकांना राजी कोण करणार? मीच.

शेजारच्या मोरिवली गावचे धर्माकाका कारखान्यात भट्टीवर होते. त्यांच्या मागे मी पंधरा दिवस लागले. घरी गेले, काकूंना समजावलं, त्यांच्या सुनेसमोर हे सगळं सांगताना मीच लाजले. शेवटी काकांनी पाकीट भरलं — तिन्ही दिवस, नीट, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि दिलं कुठे? भर कॅन्टीनमध्ये.

"घे गो सिस्टर. गू गोला कराची नोकरी बरी मिलली तुला!"

सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाजल्यामुळेच बोलले असतील बिचारे — हे आज कळतं. तेव्हा मी दवाखान्यामागे गेले, आणि पाकीट कचऱ्याच्या पेटत्या ढिगात टाकलं.

राग किती वेळ टिकतो? घटकाभर. मग भीती. श्रावण संपायला दोन दिवस, पाकिटं मोजून घेणारे डॉक्टर, आणि काकांना "पुन्हा भरा" म्हणायचं म्हणजे पुन्हा ते हसणं. जायला हवं होतं ना मी? मोरिवली काय लांब होतं?

नाही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, बुवापाड्याच्या माझ्या खोलीत, मी नवं पाकीट भरलं. माझ्या विष्ठेनं. तिन्ही चौकोन एकाच दिवशी. वर नाव लिहिलं धर्माकाकांचं.

तपासणी स्वच्छ आली. मीच त्यांना हसत सांगितलं. ते पेढे घेऊन आले, मी खाल्ले.

दिवाळीनंतर त्यांना रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणाले, तपासणी तर स्वच्छ आहे ना! घरगुती औषधं करत राहिले. होळीला मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. ज्येष्ठात काका गेले. त्यांच्या खऱ्या पाकिटात काय निघालं असतं? मला माहीत नाही. ते कळायची वाट मीच जाळली होती.

दहाव्याला काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तपासून काय झाला? तपासलेला मानूसच गेला." मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, मला दुःख झालंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या श्रावणात मोरिवलीतून एकही पाकीट भरून आलं नाही. काकांच्या धाकट्या भावानंही घेतलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, असं कसं झालं?

मी म्हटलं, "अडाणी लोक आहेत, सर. किती समजावणार?"