खांद्याकडे बघ

चाकणच्या कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची दहा-बारा तरी अर्धवट बहिरा म्हणून काढली. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. बायको म्हणायची, "ह्यांचं लक्षच नसतं." मी ते चालवून घेतलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बेफिकीर म्हणवून घेतलेलं बरं.

दर वर्षी कंपनीत कान तपासायला गाडी यायची. आत काचेची छोटी केबिन. हेडफोन लावून बसायचं आणि बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. नापास झालेल्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकायचे, आणि मला प्रेस सोडायची नव्हती. पण काचेपलीकडे मशीनवर बसलेली बाई आवाज सोडताना उजवा खांदा किंचित उचलायची. आमच्या लाइनीत हे पहिल्यांदा कुणी हेरलं कुणास ठाऊक. रांगेतला पुढचा मागच्याच्या कानाला लागायचा, "भावा, खांद्याकडे बघ." आम्ही सगळे खांदा बघून पास. माझ्या कागदावर दर वर्षी 'नॉर्मल' आणि तो कागद मी पोरीच्या दहावीच्या निकालाशेजारी कपाटात ठेवायचो.

कानात घालायला प्लग मिळायचे, ते खिशात राहायचे. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बिघडायला लागली की पत्रा दाबतानाचा आवाज बदलतो आणि तो बदल सगळ्यांत आधी मला कळायचा. साहेब मुद्दाम मला बोलावून घ्यायचे. कानांची फार घमेंड होती मला. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही खोटं नाही.

आता ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. जातं ते बारीक. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि माझ्या मुलीचा आवाज. समोर उभी राहून बोलली तर ओठांवरून कळतं, कारण शॉपमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. लहानपणी तिलाही मी तो खेळ शिकवला होता, आवाज न काढता सावकाश ओठ हलवायचे. पाठ फिरली की मात्र संपलं. मग मी "हो" म्हणतो. फार कामाचा शब्द आहे, दहात नऊ वेळा निभावून नेतो.

मुलगी माणला आयटीत आहे आणि ऑफिसातल्या तिघांबरोबर तिचा बँड आहे. ती गाते. मागच्या महिन्यात माझ्यासमोर बसून म्हणाली, "पप्पा, रविवारी संध्याकाळी वाकडला तीन बँड आहेत. आमचा शेवटचा. एक गाणं मी स्वतः लिहिलंय. तुमच्यावर." मी म्हणालो, इथंच म्हणून दाखव की. इथं गायली असती तर तिचे ओठ दिसले असते. पण ती हट्टाला पेटली. "तिथंच ऐकायचं."

बायकोची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्युटी होती. मी एकटाच गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून.

पहिला बँड सुरू झाला आणि माझ्या बाजूच्या माणसाने कानांवर हात ठेवले. मी मजेत होतो. ड्रम छातीत वाजत होता, खुर्ची थरथरत होती, दीडशे टनी प्रेसजवळ उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मनात म्हटलं, उगाच घाबरलो राव, हे तर सगळं ऐकू येतंय. दुसऱ्या बँडलाही तसंच. टाळ्यांचं तेवढं बघावं लागत होतं. पुढच्या रांगेत पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी होती, तिचे हात उठले की मी टाळ्या वाजवायचो. जुनी सवय.

मग माझी पोर आली. दोन गाणी झाली, जोरातली. तिसऱ्याच्या आधी ती माझ्याकडे बघून हसली आणि मी सावरून बसलो. तिने माइक ओठांना लावला, अगदी चिकटवला. तिचं तोंड माइकमागे गेलं.

मी पुढे सरकलो, मान वाकडी केली, डावा कान पुढे केला, उजवा केला. सुरुवातीला गिटारचा जाड आवाज होता, त्याच्या आधाराने मी बसलो होतो. मग ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. गिटारही थांबली. ती डोळे मिटून उभी होती. माझ्या लेखी सगळीकडे सामसूम. जिच्यासाठी आलो ते गाणं समोर चाललंय की संपलं, हेसुद्धा मला कळेना, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं, कामावर बोट चेपलं तेव्हाही नाही.

तेवढ्यात पिवळ्या कुर्त्यातल्या मुलीचे दोन्ही हात वर गेले.

मी टाळ्या वाजवल्या. दणदणीत. बापाच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या हव्यात म्हणून.

मी एकटाच वाजवत होतो. त्या मुलीने हात उचलले होते ते डोळे पुसायला. ती मागे वळली, मग तिची रांग वळली. पोरीने डोळे उघडले. माइक तोंडापासून जरा लांब गेला तेव्हा दिसलं, तिचे ओठ हलत होते. ती गातच होती. मी हात मांडीखाली घातले आणि गाणं खरंच संपलं तेव्हा ते बाहेर काढायचं माझं धाडस झालं नाही.

परत निघालो. मी स्कूटर चालवत होतो, ती मागे बसलेली. डांगे चौकातल्या सिग्नलला ती माझ्या खांद्याशी वाकून काहीतरी बोलली. मी "हो" म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा बोलली. पुन्हा "हो." चिंचवडला एकदा. आकुर्डीत वळताना एकदा, तेव्हा मी जरा हौसेने म्हणालो, "हो हो, एकदम मस्त."

बिल्डिंगखाली गाडी लावली. तिने हेल्मेट काढलं, मला हाताला धरून दिव्याखाली उभं केलं आणि माझ्यासमोर आली. लहानपणी शिकवलं होतं तसे सावकाश ओठ हलवत म्हणाली, "वाटेत मी चार वेळा एकच विचारलं, पप्पा. माझं गाणं तुम्हाला ऐकूच आलं नाही ना? चारही वेळा तुम्ही हो म्हणालात."