आईच्या तळहातावरची दही-साखर

परभणीहून आईला चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या माझ्या क्वार्टरमध्ये आणून तीन आठवडे झाले होते. तिचा एक डोळा कधीचाच गेलेला आणि उरलेल्यावर पांढरा डाग. ताटात कुठली भाजी आहे हे ती वासाने ओळखायची. चेन्नईच्या दवाखान्यात नेत्रदानातलं बुबुळ मिळेल, मिळालं की फोन येईल, एवढ्यावर आम्ही दोघी बसलो होतो.

पहाटे साडेपाचला फोन आला. बुबुळ आलंय, अकराला ऑपरेशन, पूर्ण भूल द्यायची आहे, तेव्हा आता पोटात काही नको. माझे हातपाय एका जागी ठरेनात. फाइल पिशवीत घातली की नाही, हे मी चारदा बघितलं. आई मात्र शांतपणे वेणी घालत म्हणाली, "उपास मला नवा हाय का?"

दवाखान्यात सिस्टरने तमिळमध्ये विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? मी ऐटीत नाही म्हटलं आणि काय विचारलं ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "खाणं कुठलं? तू दिलेली दही-साखर तेवढी घेतली."

चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवायची, म्हणून निघताना दारात मीच ती ठेवली होती. आमच्या घरात तिला कुणी खाणं म्हणतच नाही!

आईचं बोलणं तिथे माझ्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं. गप्प बसले असते तर अकराचं ऑपरेशन अकराला झालं असतं. पण भुलीत ते दही घशाशी आलं तर? मी सांगून टाकलं. सिस्टरने कपाळाला हात लावला. भुलीच्या डॉक्टरांनी आईला शेवटचा नंबर दिला. वेळ उरला नाही तर बुबुळ दुसऱ्या पेशंटला जाईल, असंही बजावलं.

दिवसभर मी स्वतःला शिव्या घालत होते आणि उपाशी आई मलाच धीर देत होती. पाचला तिला आत नेलं, तेव्हा त्या व्हरांड्यात मला उड्या माराव्याशा वाटल्या.

दीड महिन्याने ती परभणीला निघाली. दारात तिने आपणहून हात पुढे केला. मी दही ठेवलं, वर साखर भुरभुरली. हात तोंडाकडे नेता नेता ती थांबली आणि तळहात उजेडाकडे धरला.

"साखर इरघळली न्हाई गं अजून," ती म्हणाली. "दाणे चमकायलेत."