कंट्रोलच्या लाइनीतली निळी बाटली

तात्या, मनीऑर्डर परत धाडायची ही कुठली रीत?

दारात पोस्टमन उभा, अन् तुम्ही आपलं हात झाडून "नको" म्हणता. माझेच पैसे फिरून माझ्याकडं, वर शेरा, 'नाकारली'.

तुम्हाला जाऊन आज वर्ष झालं. माझं भांडण अजून मिटलेलं न्हाय.

दोस्तहो, हा कागद पेठेतल्या हॉटेलच्या भिंतीला डकवा. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवा. मी चौथीतनं पळालेला माणूस, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आईबाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं.

मी मात्र एका जागी टिकलो न्हाय. सोलापूर झालं, पुणं झालं, आता कोयना धरणाच्या बोगद्यात कामाला आहे.

इथं कधी कधी बत्ती जाते. मग अंधारात, लांब कुठंतरी, मला निळा उजेड दिसायला लागतो.

तुमच्या बाटलीचा.

तात्यांना दमा होता. परंड्याच्या सरकारी दवाखान्यात लाल औषध फुकट मिळायचं, बाटली तेवढी आपली न्यायची. पण त्यानं छाती मोकळी होईना. मग डॉक्टरनं गोळी लिहून दिली. "ही बाहेरनं घ्या."

बाहेरचा भाव ऐकला अन् तात्यांनी चिठ्ठीची घडी घालून टोपीत ठेवली.

नेमका तेव्हाच मी सुट्टीवर आलो. बघतो तर रेशनच्या दुकानापुढं लाइन. कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी भावाच्या साखरेला पहाटेच नंबर लागतो, तुम्हाला माहीत आहे. कुणी पिशवी ठेवतं, कुणी डबा, कुणी नुसता दगड ठेवून चहाला जातं.

त्यात सगळ्यांच्या पुढं एक रिकामी निळी बाटली.

"तात्या, हितं साखर मिळती," दुकानदार हसत होता.

"ठाव हाय मला."

"मग बाटली कशाला?"

"साखरेला कंट्रोल, घासलेटाला कंट्रोल. म्हाताऱ्याच्या गोळीलाच तेवढा न्हाय व्हय? कवातरी होईल. होईल तवा माझा नंबर पयला पाहिजे."

समदी पेठ हसली. मी लाजेनं मान खाली घातली.

टांगेवाले करीमचाचा तात्यांचे जुने दोस्त. ते तर ओरडलेच, "तात्या, बुड्ढा होके पागल हुआ क्या? दवा की दुकान उधर है ना!"

"उधर का भाव सुन के आ, फिर बोल."

चाचांना छातीची कळ होती. ते भाव ऐकून आले.

दुसऱ्या दिवशी निळ्या बाटलीमागं एक हिरवी बाटली. चाचा म्हणाले, "तेरी अकेली अच्छी नई दिखती थी."

मग तिसरी आली. चौथी आली. म्हातारी माणसं गुपचूप यायची, बाटली ठेवायची अन् लिंबाखाली जाऊन बसायची.

एका सकाळी ऊन तिरपं पडलं होतं. रस्त्यावर निळे, हिरवे, पिवळे डाग थरथरत होते. पाण्यात बघितल्यासारखं. त्या दिवशी कुणी हसलं न्हाय.

त्याच सकाळी तहसीलदार दुकान तपासायला आले. "हे काय आहे?"

तात्या धापा टाकत उठले. "साहेब, निजामाच्या राज्यात मागायची हिंमत न्हवती. आता राज्य आपलं हाय म्हनत्यात. म्हनून मागतो. गोळीलाबी कंट्रोल लावा."

साहेबांनी निळी बाटली उचलली, उजेडात धरली, अन् होती तिथंच परत ठेवली.

"वर लिहितो," म्हणाले.

घरी आल्यावर मी तात्यांशी भांडलो. "सरकार देईल तेव्हा देईल. तोवर माझ्या पैशानं घ्या की!"

"घेतली असती रं. पर खिशात गोळी अन् लाइनीत बाटली, हे कसं जमावं? मला तू हाईस. करीमला कोन धाडतंय?"

"अन् तुम्ही मेलात म्हणजे?"

"बाटली हाय की. तिला कुठं दमा हाय!"

हसता हसता खोकले. खूप वेळ खोकले.

मी रागानं सुट्टी अर्धी टाकून निघालो. कुर्डुवाडीच्या बसमधनं मागं वळून बघितलं न्हाय. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करत राहिलो, ती परत येत राहिली.

मग एकदा ती परत आली न्हाय. तारच आली.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. निळी बाटली मात्र लाइनीत पहिलीच. करीमचाचा रोज नेऊन ठेवत होते.

परवा चाचांनी मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं.

दवाखान्यात कपाट झालंय. पंचायत समितीनं ठराव केला. साठीच्या पुढच्या माणसाला, डॉक्टरनं लिहिलेली गोळी, सरकार घेतं त्याच भावात. बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त. सध्या आपल्याच तालुक्यात. बाकी मुलखातल्या म्हाताऱ्यांच्या बाटल्या अजून रिकाम्याच असतील.

पहिल्या दिवशी कंपाउंडरनं विचारलं, "पहिला नंबर कुणाचा?"

चाचा म्हणाले, "तात्या का."

कंपाउंडरनं बाटली पुढं ओढली. निळ्या बाटलीत गोळ्या टाकल्या. खळखळ वाजल्या म्हणे.

आता ती बाटली कपाटावरच असते. ज्याच्याकडं तेवढेही पैसे नसतील, त्यानं तिच्यातनं घ्यायचं.

दुपारच्या सुट्टीत माझा डोळा लागतो. मला लाइन दिसते. पेठेतनं निघते, किल्ल्याच्या खंदकाकडनं वळते, रानारानातनं, घाट चढून थेट बोगद्याच्या तोंडाशी येते. नुसत्या बाटल्या, अन् त्यांच्यातनं ऊन. लिंबाखाली म्हातारी माणसं गाढ झोपलेली.

कुणीच खोकत न्हाय.

तात्या, तुम्ही जिंकलात. पण तुम्ही असायला पाहिजे होतं, एवढं भांडण माझं राहू द्या.

लांबूनच पाया पडतो.

ह्या महिन्यापासनं तुमची बाटली मी भरणार. मनीऑर्डर करीमचाचांच्या नावानं आजच केली. नाकारायला आता तुम्ही न्हाईत.

नेहमीचेच, बारा रुपये.