चर्चच्या दारातल्या चपला

आमची गच्ची आन् शेजारच्या चर्चचं अंगण, मधी फक्त एक बोळ. असं घर असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ बसते ना, तसे ते आपोआप येऊन बसतात! घरचे म्हणतात, "हिला बरोबर रविवारीच गच्ची झाडायची असते." असू द्या. वीस वर्षं झाली बघतेय, आन् त्यातले निम्मे किस्से एकट्या सारामावशीचे आहेत.

सारामावशी सत्तरीची, काटकुळी. नवरा गेला, लेक लांब सासरी. चर्चमध्ये तिला कुणी काम नेमून दिलेलं नाही. ती आपली दर रविवारी पायरीवर बसते आन् लोकांनी भिरकावलेल्या चपला जोडीनं लावते. तोंड बाहेर करून. म्हाताऱ्या माणसाला वळायला लागू नये, पाय घातला की निघाला घराकडं! कुणाचा अंगठा तुटलेला असला, तर आत प्रार्थना संपेपर्यंत बाहेर दाभणानं टाका पडलेला असतो.

*

एकदा मी वरूनच विचारलं, "मावशी, आज उपदेश कशावर झाला?"

"मला काय म्हाईत, वैनी? सव्वीस जोड व्हते. तीन तुटके. आन् शलमोन मास्तर दोन्ही डाव्या घालून आलते!"

शलमोन मास्तर म्हणजे रिटायर हेडमास्तर. अख्ख्या मंडळीला शिस्त लावणारा माणूस!

*

दिवाळी झाली की निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. त्यामुळं आमच्याकडं नाताळ म्हाताऱ्यांचाच. एका नाताळाला अंगणात मोजून अकरा जोड. पण मावशीनं ते सगळ्या अंगणभर लावले, मधी हात हात जागा सोडून.

मी म्हणलं, "एवढं लांब लांब कावून?"

"मधल्या जागा फडात गेलेल्यांच्या हायेत. वापस यायचेत की!"

*

अन् ते वापस आले, तेव्हाची गोष्ट. एक नवी सून पहिल्याच वर्षी तोडीला जाऊन आलेली. त्या रविवारी तिची चप्पल हातात घेतली आन् मावशी थांबलीच. टाचेपाशी काळपट डाग.

मावशी उपदेश चालू असताना कधी आत जात नाही. त्या दिवशी गेली! पोरीचं मनगट धरून तिला बाहेर आणली. "दाव पाय!"

कोयता लागलेला. वर चिंधी बांधलेली. आठवडाभर पोरीनं कुणाला सांगितलं नव्हतं, सासू कामचुकार म्हणंल म्हणून. पाय हा सुजलेला!

मावशीनं खालूनच हाक मारली, "वैनी, दिसतंय न्हवं? मग तुमच्या मालकाला म्हणा, जीप काढा!"

आमचे मालक घरात स्वतःचा पाण्याचा पेला उचलत नाहीत. पण त्या दिवशी जीप काढली, कडा गावच्या दवाखान्यात नेलं, अन् दुपारपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. पाय वाचला.

जीपमधी पोरीनं विचारलं म्हणे, "मावशी, तुमाला कसं कळलं?"

"पायताण खोटं बोलत न्हाई. अन् सासूला बी भेत न्हाई!"

*

मग चर्चला नवे पाळकसाहेब आले. तरुण, शहरात शिकलेले. पहिल्याच रविवारी मावशीच्या हातात चपला बघितल्या अन् त्यांचा चेहराच उतरला.

"मावशी, उठा. आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर लोकांची पायताणं उचलली. निदान देवाच्या दारात तरी नको."

मी वर मिरच्या निवडत होते. हातातली मिरची हातातच राहिली. त्या 'लोकां'त आमचं घर पण होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी डोळ्यांनी बघितलंय.

मावशी उठली नाही. म्हणाली, "साहेब, तवा उचलायला लावत व्हते. आता मी उचलते. दोन्ही एकच हाय व्हय?"

साहेब आत गेले. पण पुढच्या रविवारी दारात स्टीलची रॅक आली!

*

रॅकला चार कप्पे. म्हाताऱ्यांना खालच्या कप्प्यापर्यंत वाकता येईना, तरुणांना तेवढा दम निघेना. चपलांचा ढीग रॅकच्या पुढ्यातच! आन् मावशी आत, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. तोंड वेदीकडं, मान दाराकडं.

तिसऱ्या रविवारी कुत्र्यानं खुद्द पाळकसाहेबांचा एक बूट पळवला. साहेब एका पायात बूट घालून अंगणभर हिंडतायत, "कुणी बघितला का?"

मावशी म्हणाली, "मी तर आत व्हते, साहेब. तुमीच बसवलंय!"

रॅक आता पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. पातेली छान राहतात म्हणे.

*

मावशीचा उजवा डोळा दोन वर्षांपासून जात चालला होता. मोतीबिंदू. टाका चपलेत कमी आन् बोटात जास्त पडायचा. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर अवघड होईल. पण ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, हे ऐकलं की मावशी उठून घरी यायची. "मग पायरीवर कोण बसंल?"

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मी बघतो."

"तुमी? तुमाला स्वतःचा बूट संबाळता येत न्हाई!"

तरी गेली एकदाची. ऑपरेशन झालं. नंतरच्या रविवारी काळा चष्मा लावून, काठी टेकत आली. तिला आत खुर्चीवर बसवलं. गाणं सुरू झालं. मी सवयीनं खाली वाकले, तर पायरीवर पांढरा झगा!

पाळकसाहेब उकिडवे बसून चपला लावत होते. आत प्रार्थना शलमोन मास्तर चालवत होते. साहेबांनी एक तुटकी चप्पल उचलली, इकडं फिरवली, तिकडं फिरवली, मग सरळ माझ्याकडं वर बघितलं.

"काकू, नुसतं बघताय काय? घरात जाड दोरा आहे का?"

दोरा होता. वीस वर्षांत मी वरूनच बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा जिना उतरून त्या फाटकातून आत गेले. घाईत माझ्या चपला एक इकडं, एक तिकडं पडल्या. पायरीवर साहेबांच्या शेजारी बसले. त्यांनी चप्पल धरली, मी दाभण घातलं. दोन टाके वाकडे पडले, तिसरा बरा बसला. दोघांच्या माना खाली. लोक कधी बाहेर यायला लागले, कळलंच नाही.

घरी जायला उठले आन् थबकले. माझ्या चपला शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. तोंड आमच्या घराकडं.

साहेब तर सगळा वेळ माझ्याजवळच होते. मी दाराकडं बघितलं. काळा चष्मा, हातात काठी, सारामावशी चौकटीला टेकून उभी.

"मावशी! डॉक्टरांनी वाकू नको म्हणलंय ना?"

मावशीनं मान वर करून आभाळाकडं बघितलं.

"मला काय इचारता, वैनी? मला दिसतंय कुठं!"